वयर म्हणजे खंय?

मित्रांनो, माझ्या अंगावर एकही आकडा नाही. जामसंड्याच्या तुमच्या या शाळेत आल्यापासून तुमच्यापैकी बहुतेकांनी मला उलटसुलट करून ते पाहिले आहे आणि 'अरे, हा बिघडलाय' असे म्हणून पुन्हा फळीवर ठेवले आहे. मी बिघडलेलो नाही. मी दमलेलो आहे. या दोन गोष्टींत फरक असतो, पण तो समजावून सांगायचाही आता कंटाळा येतो. तरी आज तुमच्या विज्ञानाच्या बाईंना यायला उशीर आहे आणि तुम्ही चक्क शांत बसला आहात. अशी संधी वारंवार येत नाही, म्हणून सांगून टाकतो.

मी विमानतळाच्या टॉवरवरचा जुना लाल टेलिफोन आहे. मला आकडे नाहीत, कारण मला एकाच ठिकाणी बोलायचे असते. इकडे कुणी माझा कान उचलला की तिकडे दूरवरच्या एकाच टेबलावर घंटी वाजते. चुकीचा नंबर लागणे हा प्रकार मला ठाऊकच नाही. तरीही चूक झाली, आणि ती माझ्याच तारेतून गेली. ती कशी झाली, तेच सांगायचे आहे.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. त्या दिवशी शेकडो काळे टेलिफोन तयार झाले आणि आम्ही लाल फक्त बारा. काळ्यांच्या अंगावर आकड्यांची चकती बसवली, आमच्या अंगावर तिच्या जागी गुळगुळीत झाकण. काळे आम्हाला हसले. पहिली कित्येक वर्षे मी एका मोठ्या शहराच्या विमानतळावर काढली. तिथे नवीन यंत्रे आली तेव्हा मला खोक्यात भरले आणि सिंधुदुर्गात, काजरसड्यावरच्या छोट्या विमानतळावर पाठवून दिले. म्हणजे इथे आलो तेव्हाच मी कुणाचा तरी जुना होतो. पण इथल्या माणसांनी मला नव्यासारखे पुसले, एवढे खरे.

सडा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. कातळ, वाळके गवत, मध्येच काजूचे झाड. त्या सड्यावर एक लांब धावपट्टी आणि तिच्या कडेला काचेच्या भिंतींचा उंच टॉवर. टॉवरच्या पश्चिमेच्या काचेतून समुद्र दिसायचा, पूर्वेच्या काचेतून निळा घाट. माझी जागा बरोबर मधे, रेडिओच्या कर्ण्याशेजारी. विमानांचे पायलट त्या कर्ण्यातून बोलत, त्यामुळे सगळे माझ्या कानावर पडे. कान तर मला तसाही मोठाच आहे.

आकाशात रस्ते दिसत नाहीत, पण असतात. ते सांभाळायचा नियम सोपा आहे. दोन विमानांच्या मधे उंचीचे हजार फूट अंतर हवे. तेवढे नसेल, तर आडवे अंतर काही मैलांचे हवे. दोन्हींपैकी एक तरी हवेच हवे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या टॉवरवर रडार नव्हते. दिवसातून येणारी-जाणारी विमाने ती किती! पण आमच्या दक्षिणेला एक मोठे विमानतळ आहे. तिथे दर थोड्या मिनिटांनी विमान उतरते, आणि उत्तरेकडून येणारी त्यांची विमाने आमच्या डोक्यावरून किंवा आजूबाजूने जातात. त्यांच्याकडे रडार आहे. कोणते विमान कुठे आहे ते त्यांना पडद्यावर दिसते, आम्हाला नाही. म्हणून आमच्याकडचे विमान सोडण्याआधी माझा कान उचलून त्यांना विचारायचे आणि त्यांनी 'सोड' म्हटले की सोडायचे. माझे काम एवढेच. दिवसभरात वीस-पंचवीस वेळा उचलले जायचे आणि ठेवले जायचे. तुम्हाला वाटेल त्यात काय दमायचे? कुणी तुमचा कान धरून दिवसातून पंचवीस वेळा उचलला, तर कळेल.

माझ्या या टोकाला असायची नम्रता मयेकर. तारकर्लीची मुलगी, वय अठ्ठावीस. तिचे वडील होडीवाले. आकाशातले अंतर ती माडांनी मोजायची. 'हजार फूट म्हणजे पंधरा माड एकावर एक,' असे तिने पहिल्याच दिवशी बाबलीला समजावून सांगितले होते. बाबली म्हणजे आमच्याकडचा तारा-टेलिफोन दुरुस्त करणारा माणूस. त्याने मान डोलावली आणि मग मला विचारल्यासारखे पुटपुटला, "पंधरा माडार चडतलो कोण?"

दुसऱ्या टोकाला, मोठ्या विमानतळाच्या रडारच्या खोलीत, असायचे दत्तप्रसाद राणे. ते घाटाच्या पायथ्याच्या एका गावचे. तेहतीस वर्षे नोकरी झालेली, निवृत्तीला थोडे महिने उरलेले. मी त्यांना कधी पाहिले नाही. पण माणूस रागावला आहे, भुकेला आहे की नुसता थकला आहे, हे मला आवाजावरून कळते. ते बहुधा थकलेलेच असत. त्या बाबतीत आमचे चांगले जमले असते.

आता एक गोष्ट आमच्याकडची खास. पायलटशी बोलताना नम्रता मोजके, ठरलेले इंग्रजी बोले. तिथे प्रत्येक शब्द ठरलेला असतो आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा असतो. माझ्यावरून बोलतानाही तसेच बोलावे असा कायदा आहे. पण दोन मालवणी माणसे टेलिफोनवर एकत्र आली आणि इंग्रजी बोलली, असे कधी झाले आहे? पहिल्याच आठवड्यात दत्तप्रसादांनी विचारले, "तू खयची गो?" तिने "तारकर्लीची" म्हटले, आणि कायदा तिथेच संपला. त्यानंतर विमानांची सगळी देवघेव मालवणीत. मधे मधे बांगडे गावले काय, पाऊस पडलो काय, हेही. खरे सांगतो, मला ते आवडायचे. आयुष्यभर नुसते आकडे वाहून नेलेल्याला कुणी जेवणाचे विचारताना ऐकले की बरे वाटते.

माझे कौतुकही झाले. एकदा भर दुपारी सड्यावर वीज पडली आणि रेडिओसकट सगळे बंद पडले. फक्त मी चालू राहिलो. नम्रताने माझ्यावरून मोठ्या विमानतळाला कळवले, त्यांनी आमच्याकडे उतरायला आलेले विमान आपल्याकडे वळवून घेतले. त्या वर्षी दसऱ्याला बाबलीने माझ्यावर हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि हात जोडले. मी लाजून आणखी लाल झालो असेन.

पण मग तो दिवस आला. गणपती नुकतेच बोळवले होते आणि चाकरमान्यांची मुंबईला परतायची घाई चालली होती. नेहमीपेक्षा जास्त विमाने होती, आमच्याकडेही आणि मोठ्या विमानतळावर तर विचारूच नका. सकाळपासून मला खाली ठेवायला कुणाला फुरसत नव्हती. दुपारी दोन वाजता आमच्या धावपट्टीवर मुंबईचे विमान तयार उभे राहिले. आत अडुसष्ट माणसे. कुणाच्या मांडीवर नारळ, कुणाच्या पिशवीत खाजे. नम्रताने मला उचलले.

"काका, माझा मुंबयचा विमान तयार आसा. तुमचा येणारा खंय आसा?"

"वयर आसा गो," दत्तप्रसाद म्हणाले. "आणि वयरच रवतला. सोड तुझा."

"वयरच रवतला मा?"

"सांगलंय मा तुका एकदा! किती वेळा विचारतलंस? हंय माझ्या म्होरे सात विमाना आसत. माका काय शाळेत बसवतंस?"

तिने मला ठेवले. तिचे कान लाल झालेले मी पाहिले.

मित्रांनो, आता नीट ऐका. नम्रता तारकर्लीची. तारकर्ली म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे सपाट वाळू. तिथे 'वयर' या शब्दाचा एकच अर्थ. माडाच्या शेंड्यावर नारळ असतो, तो वयर. म्हणजे उंच. तिला वाटले, दत्तप्रसादांचे विमान खूप उंचावर आहे आणि उंचावरच राहणार आहे.

दत्तप्रसादांचे गाव उतारावरचे. तिथे घाटाच्या अंगाची वाडी ती वयली वाडी आणि समुद्राच्या अंगाची ती सकयली, म्हणजे खालची. कुणी पूर्वेकडे निघाला की तो 'वयर' गेला म्हणायचे, मग वाट चढाची असो की सपाट. त्यांना सांगायचे होते, त्यांचे विमान घाटाच्या बाजूला आहे आणि घाटाच्या बाजूनेच येणार आहे. आमची विमाने नेहमी समुद्राच्या बाजूने जात, म्हणून दोघांच्या मधे मैलोगणती अंतर राहणार होते. त्यांच्या परीने त्यांचेही बरोबर.

तिने शब्द परत म्हणून दाखवला होता, हे लक्षात घ्या. नियमात सांगितले आहे तसेच केले होते. तोच शब्द इकडून गेला, तोच तिकडून आला. मी त्यातले एक अक्षर सांडले नाही. दोन्ही टोकांना दोन वेगळे अर्थ होते आणि मधे मी, तार ताणून बसलेला. मला बोलता येत नाही. माझ्यातून सगळे बोलतात, पण मला बोलता येत नाही. या गोष्टीचे मला त्या दिवसापर्यंत कधी वाईट वाटले नव्हते.

विमान उडाले. नम्रताने पायलटला सहा हजार फुटांपर्यंतच चढायला सांगितले होते. दोन मिनिटांनी कर्ण्यातून पायलटचा आवाज आला. समुद्रावर समोर काळी सर उभी होती, तिच्यात शिरण्यापेक्षा उजवीकडे वळून घाटाच्या अंगाने जाऊ का, असे तो विचारत होता. नम्रताने समुद्राकडे पाहिले. सर खरोखरच होती, काचेतून मलाही दिसत होती.

तिचा हात माझ्यावर आला. मित्रांनो, तो हात मला अजून आठवतो. थंडगार होता. तिने मला उचलायला बोटे वळवलीसुद्धा. मग ती थांबली. मघाशी ऐकून घेतलेले तिच्या मनात असणार. परत विचारले की परत ऐकून घ्यावे लागणार. आणि विचारायचे तरी काय? दुसरे विमान वर आहे, वरच राहणार आहे, आणि आपले सहा हजारांच्या वर जाणार नाही. हिशेब बसत होता. तिने हात काढला आणि पायलटला वळायची परवानगी दिली.

उचल गो बाय, उचल, असे मी मनात किती वेळा म्हटले असेन. पण टेलिफोनाच्या मनाला घंटी नसते.

तीन मिनिटे गेली. मग मीच वाजलो. माझी घंटी मलाच इतकी कर्कश कधी वाटली नव्हती.

"नम्रता! तुझा विमान घाटार कित्याक?"

"समुद्रार सर आसा, पायलटान वळण मागल्यान. पण काका, तुमचा वयर आसा मा?"

"वयर आसा म्हणानच विचारतंय! घाटार आसा ता! सहा हजाराक येता!"

"घाटार?" नम्रताचा आवाज एवढासा झाला. "मी उंच समाजलंय."

त्या एका क्षणात दोघांनाही सगळे कळले. दोन विमाने समोरासमोर, एकाच उंचीकडे. एकात अडुसष्ट माणसे, दुसऱ्यात पावणेदोनशे.

नम्रताने रेडिओचे बटण दाबायला हात नेला, आणि तेवढ्यात पायलटचाच आवाज आला. विमानातल्या यंत्राने हुकूम दिला आहे, मी खाली जात आहे, असे तो सांगत होता.

हे यंत्र मी पाहिलेले नाही, पण त्याच्याविषयी ऐकून आहे. मोठ्या विमानांत ते असते. दुसरे विमान फार जवळ आले की दोन्ही विमानांतली यंत्रे आपसांत ठरवतात आणि एक आपल्या पायलटला सांगते 'चढ', दुसरे सांगते 'उतर'. त्या यंत्रांचे गाव कुठले नसते. त्यांना वर म्हणजे वर आणि खाली म्हणजे खाली. त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला.

आणि असा हुकूम पायलटला मिळाला की टॉवरवरच्या माणसाने तोंड उघडायचे नसते. यंत्र एक सांगणार, माणूस दुसरे सांगणार, तर पायलटने ऐकायचे कुणाचे? नम्रताला हे ठाऊक होते. तिने बटणावरून हात मागे घेतला. एका हातात मी, दुसरा हात तोंडावर. तिकडे दत्तप्रसादांनीही कान ठेवला नव्हता. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, तिचाही ऐकू येत होता. पूर्वेच्या काचेतून दिसत होते ते फक्त ढग आणि घाट. अर्धे मिनिट असेल. मी आयुष्यात इतके काही वाहून नेले, पण त्या अर्ध्या मिनिटाइतके जड काही नव्हते.

मग कर्णा खरखरला. पायलट म्हणाला, धोका टळला, पुन्हा सहा हजारांवर येत आहे. त्याचा आवाजही सरळ नव्हता.

दोघांच्या मधे चारशे फूट उरले होते. नम्रताच्या मोजणीने सहा माड. हवे होते पंधरा.

ती खुर्चीवर बसली नाही, खालीच बसली, जमिनीवर. माझी गुंडाळीची तार ताणून ती मला घेऊन खाली बसली. बाबलीने पाण्याचा तांब्या आणला. तिने तो घेतला नाही. "किती जणांच्या घराक लोक वाट बघतत, बाबली," एवढेच ती म्हणाली आणि रडली. मग दुसऱ्या माणसाने तिची जागा घेतली आणि मला जागेवर ठेवले. पाच मिनिटांनी मी पुन्हा वाजलो, दुसरे विमान होते. माझे काम काही थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी साहेब येणार असे कळले. दोघांनीही आपापली हकीकत लिहून द्यायची होती. माझ्यावरचे बोलणे एरवी एका पेटीत नोंदले जाते, पण ती पेटी गणपतीच्या आधीपासून दुरुस्तीला गेलेली होती. म्हणजे त्या दुपारी कोण काय म्हणाले, हे सांगणारे साक्षीदार तिघेच. दोघे ते, आणि मुका मी.

सकाळी साडेनऊला, साहेब पोचायच्या आधी, मी वाजलो. विमान कुठलेच नव्हते.

"काय लिवलंस गो?" दत्तप्रसादांनी विचारले.

"जा झाला ता लिवलंय. तुमी 'वयर' म्हटल्यात, मी उंच समाजलंय. वळण देताना परत विचारूक होया होता, ता मी विचारूक नाय."

मग ते म्हणाले, "मी लिवलंय, मी 'घाटार' म्हटलंय."

मला नम्रताच्या बोटांची पकड जाणवत होती.

"काका, तुमी 'घाटार' नाय म्हटल्यात."

"तेतीस वर्सा झाली गो. एक डाग नाय. सात म्हयने रवले." त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. "तुझी नोकरी अजून पंचवीस-तीस वर्सा आसा. तू सावरतलंस. तसा टेप नाय. कोण काय म्हटला, ता कोण सांगतला?"

मला राग आला, खोटे कशाला बोलू? ज्या माणसाने तिला शाळेत बसवतेस काय म्हणून गप्प केले, तोच आता तिला गप्प राहायला सांगत होता. आणि कीवही आली. तेहतीस वर्षे लाखो माणसे सुखरूप उतरवलेल्या माणसाला शेवटच्या कागदावर एका शब्दासाठी बोल लागावा, हे कुणाला सोसेल?

नम्रता हळू म्हणाली, "काका, कोण सांगूक नको. पण उद्या माझ्यासारखी दुसरी कोण हंय बसतली. तिका तुमच्यासारखो कोण 'वयर' म्हणतलो. हंय काय झाला ता आपण लिवूक नाय, तर तिका कळतला कसा?"

पलीकडे खुर्ची कुरकुरली. कागदाचा आवाज झाला.

"कागद माझ्या म्होरेच आसा," दत्तप्रसाद म्हणाले. आणि मग, "खोडतंय."

पेन कागदावर ओढल्याचा आवाज माझ्या तारेतून आला. मित्रांनो, मी हजारो माणसांचे बोलणे ऐकले आहे, पण ऐकलेल्या सगळ्यांत मला आवडलेला आवाज तो.

दोघांनाही शिक्षा झाली. नम्रताला तीन महिने विमानांपासून दूर ठेवले आणि पुन्हा शिकायला पाठवले. दत्तप्रसादांच्या तेहतीस वर्षांच्या कागदांत एक समज जोडली गेली. परत आली तेव्हा नम्रताने एक कागद कापून माझ्या कपाळावर चिकटवला. त्यावर तिने लिहिले होते : 'उंची फुटांत. दिशा नावाने. वयर-सकल नाही. शंका आली तर विचारा, विचारल्याबद्दल कुणी रागावणार नाही.' म्हणे तसाच कागद दत्तप्रसादांनी आपल्या टोकालाही लावला होता, आणि शेवटची ओळ त्यांनीच तिला सांगितली होती.

माझ्यावरचे बोलणे त्यानंतर अगदी नियमाप्रमाणे होऊ लागले. बांगडे संपले, पाऊस संपला. तेच योग्य होते, पण मला चुकल्यासारखे व्हायचे. नम्रता दूर असतानाच दसरा होऊन गेला होता; तेव्हा बाबलीने सगळ्या यंत्रांवर फुले वाहिली, माझ्यापाशी आला, थोडा थांबला आणि पुढे गेला. त्याला दोष देत नाही. अपघाताची वेळ आली ती माझ्यामुळेच, असे त्याला वाटले असेल. थंडीत एक नवा पडदा आला, बोटाने दाबला की बोलणारा. माझ्यावर धूळ बसू लागली. वाजायचो तोही क्वचित, नवा पडदा रुसला की.

एप्रिलचा शेवटचा दिवस. दुपारी विमान नसताना मी वाजलो. नम्रताने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पदराने पुसून मला उचलले.

"नम्रता, आज माझो शेवटचो दिवस गो," दत्तप्रसाद म्हणाले. "त्या पडद्यार बोलूक माका बरा नाय वाटणा. म्हणान ह्याच्यार केलंय."

"म्हायत आसा, काका. पेढे खंय?"

"पेढे धाडलंय बसीतून, सांजपर्यंत येतले." ते थकलेलेच होते, पण आज आवाजाला धार नव्हती. "झाला ता झाला. तेतीस वर्सा पुरे झाली. उद्यापासून मी वयर."

माझ्यावरची नम्रताची बोटे एकदम थंड झाली, त्या दुपारी झाली होती तशी. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाने 'उद्यापासून मी वयर' म्हणावे, याचा अर्थ काय लावायचा? आभाळाकडे बोट दाखवून जिथे म्हणतात, तेही वयरच. तिच्या मनात काय आले ते मला कळले, कारण माझ्याही मनात तेच आले. पण या वेळी तिने हात मागे घेतला नाही.

"काका," ती म्हणाली, "वयर म्हणजे खंय?"

मग दत्तप्रसाद हसले. त्यांचे हसणे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हसता हसता त्यांना खोकला लागला.

"वयल्या वाडीत गो! घराक! काजीची झाडा राखूक माणूस नको?" ते म्हणाले. "तुका काय वाटला?"

"काय वाटला ता सांगूचंय नाय," नम्रता म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "म्हणानच विचारलंय."

"बरा केलंस," ते म्हणाले. "बरा केलंस, बाय." आणि त्यांनी तिकडचा कान हळूच ठेवला.

दोन दिवसांनी बाबलीने माझी तार काढली. तुमच्या शाळेला जुन्या यंत्रांचे प्रदर्शन हवे होते, म्हणून मी इथे आलो. बाबलीने खोक्यात ठेवताना माझ्यावर एक जास्वंदीचे फूल ठेवले होते. ते वाटेत सुकले, पण मी ते धरून ठेवले आहे. कपाळावरचा कागदही अजून आहे, कोपरा फाटला आहे एवढेच. तो ओढू नका.

मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर बरे, नाही पुसलीत तरी चालेल, धुळीची मला सवय झाली आहे. कान उचलून तुम्ही 'हॅलो हॅलो' ओरडता, त्याचीही होईल. पण कुणी तुम्हाला काही सांगितले आणि ते तुम्हाला नीट कळले नाही, किंवा कळले असे नुसते वाटले, तर लाजू नका. समोरचा चिडेल, चिडू द्या. 'म्हणजे कुठे?' एवढे दोन शब्द विचारा. त्या दुपारी नम्रताचा हात माझ्यावर होता तेव्हा मला तेवढेच दोन शब्द वाहून न्यायचे होते.